वान्याच्या पायातली दोरी: जनावरांच्या डॉक्टरच्या घरपोच सर्व्हिसचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतोय. एक कामून कापला ते खाली येईलच, आधी बैलाचं सांगतो कारण त्याशिवाय डॉक्टरनं काय केलं ते कळणार नाही.

आमचं गाव उदगीर-अहमदपूरच्या मधल्या पट्ट्यातलं. माझं वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॅक्टरचे बुश-बेअरिंग पण बदलून देतो, शेती आबा बघतात अन आबांनी अजून बैलजोडी मोडली नाही. दोन्ही देवणी जातीचे. एक बालंक्या, पांढराशुभ्र, अन दुसरा वानेरा, अंग पांढरं अन तोंड काळं, त्याला घरात सगळे वान्याच म्हणतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून सहा दाती असताना आणला होता, आता जुळलाय, म्हणजे सगळे दात आलेत. तिफण म्हणा कोळपं म्हणा, कासरा ओढायची गरज नाही, नुसत्या शब्दावर वळणारा बैल.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, थंडी नुकतीच पडायला लागली होती, आबा सकाळी मला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर घेऊन गेले अन मनले खाली बघ. फुफाट्यात गोठ्यापासून हौदापर्यंत रेघ ओढलेली. दोन पावलं अन हातभर रेघ, परत दोन पावलं अन परत रेघ. उजवा मागचा पाय वान्या उचलतच नव्हता, पाय मागं काठीसारखा ताठ राहायचा, खुराचं टोक जमिनीला घासत पुढं यायचं अन मधेच झटका बसून पाय सुटायचा. दहा-पंधरा मिनिटं चालला की बरा. दुपारी बघितलं तर वाटायचं याला काही झालंच नाही, अन दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. उठताना तर बघवत नव्हतं. गाय-बैल उठताना आधी मागचं अंग उचलतात, मागचे पाय सरळ करून मग पुढचे, घोड्याचं याच्या उलटं असतं. म्हणजे याचा सगळा जोर मागच्या पायावर, अन तोच अडकलेला.

मग गावातले सल्ले सुरू. कुणी मनलं लचक भरली, कुणी मनलं वात, कुणी मनलं नजर लागली. बिब्बा लावून झाला. शेजारच्या गावातला एक जाणता आणला, त्यानं सळई लाल करून मांडीवर डाग दिले, पाचशे रुपये अन नारळ घेऊन गेला. डागाची जखम पंधरा दिवस वाहत होती, पाय होता तसाच. माझ्या डोक्यात आपलं दुकान, मला वाटायचं सांध्याचं बेअरिंगच गेलंय, हाड झिजलं, आता हा बैल संपला. आबा काही बोलत नव्हते पण बालंक्याचा जोडीदार कुठं मिळेल याची चौकशी त्यांनी दोघा-तिघांकडं करून ठेवली होती हे मला नंतर कळलं.

डॉक्टरचा नंबर दुकानावर आलेल्या एका गिऱ्हाइकानं दिला. तालुक्याला त्यांची प्रायव्हेट प्रॅक्टिस आहे, फोन केला तर मोटरसायकलवर गावात येतात. नाव टाकत नाही, विचारून टाकलेलं बरं असतं.

आल्यावर पहिलं त्यांनी बैलाला हातच लावला नाही, मनले चालवा. दोनदा नेलं-आणलं. मग खाली बसून खूर बघितलं, खुराचं पुढचं टोक घासून बोथट झालेलं, ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मग सालगड्याला मनले येसण धरून बैल मागं सारा, सरळ मागं. वान्या एक पाऊल, दोन पावलं मागं सरकला अन टक्क असा आवाज आला, गोठ्यात सगळ्यांना ऐकू आला, अन पाय मोकळा. डॉक्टर मनले झालं, कळलं मला. मी मनलं साहेब एवढ्यात? एक्स-रे वगैरे? ते मनले याला एक्स-रे नाही लागत दादा, हात लागतो.

मग त्यांनी मला विचारलं, याचा गुडघा दाखवा. मी मागच्या पायाच्या मधोमध जो मोठा सांधा मागं वळलेला असतो त्याच्यावर बोट ठेवलं. मनले तो घोटा. मी हसलो, पण ते खरंच सांगत होते. बैल टाचेवर टेकतच नाही, तो नखांवर चालतो. आपण ज्याला खूर म्हणतो ती त्याची दोन बोटं, तिसरं अन चौथं, दुसरं अन पाचवं मागं वर लोंबतंय, ती दोन बारकी खुरं असतात ना ती. अंगठा तर नाहीच. मग बोटांच्या वर तळपाय लांबून नळी झालीय, त्याच्या वर घोटा, अन खरा गुडघा पार वर, पोटाच्या कडेला, जिथं आपण मांडी म्हणून थोपटतो तिथं. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतो तो तर मनगट निघाला. इतकी वर्षं बैलाला अंघोळ घालतोय, पोळ्याला शिंगापासून खुरापर्यंत रंगवतोय, अन सांधे सगळे चुकीच्या नावानं.

मग माझा हात धरून त्या खऱ्या गुडघ्यावर ठेवला. हा भाग मला लई आवडला कारण सगळं हाताला लागतं. वाटी हलती लागली, आपल्या गुडघ्याच्या वाटीसारखीच, अन वाटीच्या खाली तीन दोऱ्या, बोटाएवढ्या जाड, नडगीच्या हाडाला जाऊन बांधलेल्या. एक मधली, एक बाहेरची, एक आतली. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली घसरते, पाय वाकवला की खाली, ताठ केला की वर, शटरच्या पट्टीसारखं. आता त्या खाचेला दोन कडा असतात, आतली कड मोठी अन वर गाठीसारखी फुगलेली. पाय ताठ झाला की वाटी वर जाते अन आतली दोरी त्या गाठीवरून पलीकडं जाऊन बसते, खुंटीला कासरा अडकावा तशी. आता पाय वाकवायचा कसा, वाटी खाली यायलाच तयार नाही. वरचा सांधा अडकला की खालचा घोटापण नीट वाकत नाही, दोघं एकमेकाला बांधलेले आहेत, म्हणून पूर्ण पाय काठी. मागं सारलं की दोरी खुंटीवरून उतरते, तोच टक्क आवाज.

हाड चांगलं. सांधा चांगला. बेअरिंग चांगलं. एक दोरी चुकीच्या जागी अडकतेय एवढंच.

अन गंमत ऐका, घोड्यात हीच गोष्ट दोष नाही, सोय आहे. घोडा उभ्यानं डुलकी काढतो ती याच खुंटीच्या जोरावर, वाटी मुद्दाम अडकवतो, मग मांडीच्या मांसाला जोर लावायचं काम नाही, पाय कुलूपबंद. पाहिजे तेव्हा मांसाला एक झटका देऊन कुलूप काढतो. बैलाला ती गरज नाही, तो रवंथ करायला खाली बसतो, त्याचं कुलूप लागलं तर त्याला ते काढता येत नाही. डॉक्टरनं हे सांगितल्यावर आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, मनले म्हणजे घोड्याचा गुण बैलात आला तर अवगुण. डॉक्टर मनले मामा, हेच मी कॉलेजात चार पानांत शिकलो.

इलाज एकच, ती आतली दोरी कापायची. हे ऐकल्यावर घरात गोंधळ. माय मनली शीर कापल्यावर बैल उभा तरी राहील का. यात मायचं चुकत नाही, आपल्याकडं सगळ्यालाच शीर म्हणतात, रक्ताची नळी ती शीर, मुंग्या येतात ती शीर, ताणलेली दोरी ती पण शीर. डॉक्टरनं तिला बसवून सांगितलं, माय, ही रक्ताची शीर नाही. मांसाला हाडाशी बांधते ती कंडरा, हाडाला हाडाशी बांधते ते लिगामेंट, ही वाटीला नडगीशी बांधणारी तीनपैकी एक दोरी, बाकीच्या दोन वाटी सांभाळायला पुरतात, अन कापलेल्या जागी पुढं जखम भरून नवा धागा येतोच. माय मनली तुम्ही शिकलेले, तुम्हाला माहीत, पण घरात जाऊन देवापुढं दिवा लावला.

बैल पाडायला आमची माणसं तरबेज, खुराला पत्री मारताना पाडतोच की. फक्त डॉक्टरनं उजव्या अंगावर पाडायला लावला, म्हणजे दुखरा पाय खाली. मला उलटं वाटलं, पण दोरी आतल्या बाजूला आहे तर ती बाजू वर दिसायला पाय खालीच पाहिजे, वरचा पाय मागं ओढून बांधला. खाली कडबा पसरला होता, डोक्याखाली पोतं. केस ब्लेडनं काढले, तांबडं औषध लावलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं अन मनले आता थांबा, चढू द्या.

त्या थांबायच्या वेळात आबा बाजूला बसून अंबाडीच्या सोलाचं दावं वळत होते, टेन्शन आलं की आबा दोरच वळतात. डॉक्टरनं ते हातात घेतलं अन पदर उलगडून बघितले. मनले मामा, तुमचं दावं तीन पदरी अन याच्या पायातली दोरी पण तीन पदरीच. कोलॅजन म्हणतात त्याला, अंगातल्या एकूण प्रोटीनमधला साधारण तिसरा हिस्सा तेच, कंडरा त्याची, लिगामेंट त्याचं, कातडं पण त्याचंच, म्हणजे तुमची चामड्याची वादी अन बैलाच्या गुडघ्यातली दोरी एकाच मालाची. त्याचा सगळ्यात बारीक धागा, मोठ्या दुर्बिणीला पण धड दिसणार नाही इतका बारीक, तो तीन पदर एकमेकावर पिळून झालेला असतो, अन हे कोडं सोडवणारे आपलेच, मद्रासचे जी. एन. रामचंद्रन अन गोपीनाथ कार्था, १९५४ साली. मी हे घरी येऊन मोबाईलवर बघितलं, खरं आहे, अन त्यांनी कांगारूच्या शेपटीची कंडरा वापरली होती असंपण वाचलं. आबांना सांगितलं तर मनले कांगारू कशाला, पीळ बघायचा होता तर माझ्याकडं यायचं.

आबांनी मग विचारलं की सगळ्या दोऱ्या अशाच कडक का. तर नाही. या पायातल्या ताणल्या तरी लांबत नाहीत म्हणावं इतक्या कमी लांबतात, म्हणूनच सांधा जागेवर राहतो. पण मानेत एक वेगळी आहे, पिवळी, रबरासारखी. खांद्याच्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागपर्यंत. बैलाचं डोकं शिंगासकट किती जड असतं बघा, ते दिवसभर नुसत्या मांसानं उचलून धरलं तर बैल दुपारीच थकेल. ती पिवळी दोरी डोकं लटकवून धरते, चरायला मान खाली घातली की ताणते, वर घेताना आपसूक मदत करते. खांदेमळणीला आपण हळद-लोणी लावून ज्या खांद्याला चोळतो त्याच्या थोडं वर हात घातला तर लागते, मी लावून बघितला, खरंच घट्ट रबरी नळीसारखी. अन त्याच खांद्याचं अजून एक, बैलाला गळपट्टीचं हाड नाही, पुढचे दोन्ही पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, नुसत्या मांसाच्या अन पडद्यांच्या झोळीत छाती टांगलेली. निम्म्यापेक्षा जास्त वजन पुढच्या पायांवर अन जोडणी झोळीची. ट्रॅक्टरला मी असं करून दिलं तर गिऱ्हाईक मला मारील. पण विचार केला तर सस्पेन्शन म्हणून हेच बेस्ट, नांगरलेल्या ढेकळातून गाडी दणके खाते अन बैल खात नाही.

सॉरी, कापायचं राहिलं. पूर्ण काम पाच-सात मिनिटांचं. मधली अन आतली दोरी यांच्यामधला खड्डा बोटानं शोधला, नडगीच्या हाडाजवळ, तिथं कातड्याला बारकी चीर, बोटाच्या नखाएवढी. मग बोथट टोकाचा एक अरुंद चाकू आडवा करून दोरीच्या खालून घातला, धार अजून लागतच नव्हती कुठं, अन आत गेल्यावर चाकू फिरवून धार वर केली अन दोन-तीनदा मागं-पुढं ओढला. आवाज आला, ओला सोल कापल्यासारखा कर्रर्र, अन डॉक्टरच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मनले बोट लावा, बाहेरून. जिथं मघाशी दोरी ताठ लागत होती तिथं आता खळगा. रक्त किती म्हणाल तर कापसाचे दोन बोळे. एक टाका, पट्टी, धनुर्वाताचं अन अँटिबायोटिकचं इंजेक्शन, दोर सोडले.

वान्या उठला. आधी मागचं अंग, मग पुढचं, नेहमीसारखं. अन चालला. मी मनात धरून होतो की आठवडाभरानं फरक पडेल, दोन दिवसांनी पडेल, पण तो गोठ्यातून हौदापर्यंत गेला अन प्रत्येक पावलाला पाय उचलून गेला. आबा त्याच्या मागं मागं खाली बघत चालत होते. मागच्या सकाळच्या रेघांवर नवीन खुरं उमटत होती, चार पायांची चार. आबा काही बोलले नाहीत, परत येऊन डॉक्टरला मनले चहा घ्या, अन आबा कुणाला स्वतःहून चहा विचारत नाहीत.

नंतरची काळजी पण नीट सांगितली. पंधरा दिवस जू नाही, जखमेवर माशी बसू द्यायची नाही, पण बांधून पण ठेवायचा नाही, रोज सकाळ-संध्याकाळ सपाट जागेवर थोडा चालवायचा. याचं कारण मला लई पटलं. सांध्यात हाडाच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत पांढरी, तिच्यात रक्ताची एकपण नळी नसते. मग तिला खायला कोण घालतं, तर सांध्यातलं वंगण. पावलावर वजन पडलं की कूर्चा स्पंजसारखी दाबते अन वंगण बाहेर, वजन उतरलं की परत ओढून घेते. चाललं तरच पोट भरतं. माझ्या धंद्यात बेअरिंग जितकं फिरेल तितकं झिजतं, ग्रीस बाहेरून निप्पलनं मारावं लागतं अन कुणी मारत नाही म्हणून माझं दुकान चालतं. इथं सांधा स्वतःचं ग्रीस स्वतः तयार करतो, आतल्या अस्तरातून, अन बसून राहिला तर उपाशी. मात्र एकदा कूर्चा फाटली-झिजली की भरून यायला लई अवघड, रक्तच नाही तर भरणार कशी. म्हणून डॉक्टर मनले अडकलेल्या पायानं वर्षभर ओढला असता तर मग खरंच तुमचं बेअरिंग गेलं असतं.

माय हे सगळं ऐकत होती, मनली माझ्या गुडघ्याची पण एखादी दोरी कापा की साहेब, चार महिने झाले जिना चढवंना. डॉक्टर मनले माय तुमची दोरी चांगली आहे, गादी झिजली असंल, माणसाच्या डॉक्टरला दाखवा. दुसऱ्या दिवशीपासून माय वान्यासोबतच सकाळी चालायला निघते, दोघं सारख्याच चालीनं.

आता एक स्टार का कापला. अकराला येतो म्हणून अडीचला आले. मधे चार फोन, दोन उचलले, दोन्ही वेळेस "निघालोच". बैल सकाळपासून चाऱ्याविना उभा ठेवलेला, कारण पाडायचा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं पोट रिकामं ठेवा, माणसं रोजगार सोडून बसलेली, त्या तीन साडेतीन तासांचं कुणी बोलायचं. दुसरं, बाविसशे रुपये घेतले, महाग म्हणत नाही, एका बैलाची किंमत बघता काहीच नाही, पण पावती मागितली तर मनले नंतर व्हॉट्सअॅपला टाकतो, ती अजून यायचीच आहे. इंजेक्शनचे पुढचे डोस कधी ते तोंडी सांगितलं, मी दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं म्हणून राहिलं, कागदावर लिहून द्यायला काय जातं. बाकी टाका काढायला दहाव्या दिवशी बरोबर आले, तेव्हा मात्र वेळेत, अन त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत हे पण लिहायला पाहिजे.

ज्यांच्या बैलाला-म्हशीला असंच होतंय त्यांना एवढंच सांगतो, सकाळी पाय मागं ताठ, झटका देऊन सुटतो, चालल्यावर बरा, अन खुराचं टोक घासलेलं, ही चार दिसली की सळई-बिब्ब्याच्या नादी लागू नका, डाग दिल्यानं कातडं जळतं, दोरी जागेवरच राहते. प्रायव्हेट परवडत नसेल तर १९६२ ला फोन लावा, सरकारी फिरता दवाखाना आहे. अन सूज असेल, हात लावला की दुखतंय असं वाटलं तर ते दुसरंच काही असू शकतं, मग सरळ उदगीर नाहीतर परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्या, आमच्या डॉक्टरनं पण हेच सांगितलंय. स्वतः चाकू लावायचा विचार तर कुणी करूच नका. दोरीच्या मागं सांधा आहे, चाकू तिथं घुसून आत घाण गेली तर बैल कायमचा गेला.

जाताना डॉक्टर एक बोलून गेलेत की काही जनावरांत पुढं दुसऱ्या पायाला पण हेच होतं. तेव्हापासून आबा रोज उजाडल्यावर बालंक्याच्या आधी वान्याला सोडतात अन हौदापर्यंत खाली बघत जातात. संक्रांत होऊन गेली, जोडी परत कोळप्याला जुंपली, डाव्या पायाची रेघ अजून तरी नाही.